रॅम गेली म्हणजे नक्की काय गेलं?

हॉस्टेलमध्ये कॉम्प्युटर बिघडला की डॉक्टरांना तोटा नसतो. एक जण "व्हायरस आहे" म्हणतो, दुसरा "फॉरमॅट मार" म्हणतो, आणि तिसरा कॅबिनेट उघडायच्या आधीच "रॅम गेली" असं जाहीर करून मेसकडे निघून जातो. यातला एखादा बरोबरही असतो. पण बरोबर कोण हे तपासून ठरवायची तसदी सहसा कोणी घेत नाही. मग चांगल्या रॅमच्या जागी नवी येते, बिघाड तिथेच राहतो आणि खिसा मात्र रिकामा होतो.

आता बहुतेकांकडे लॅपटॉप आहेत हे खरं. तरीही कॉमन रूममध्ये, लॅबच्या कोपऱ्यात आणि सीनिअरकडून ज्युनिअरकडे वारसाहक्काने आलेल्या टेबलांवर जुने डेस्कटॉप अजून चालू आहेत. ज्याला लॅपटॉप परवडत नाही त्याचं सगळं प्रोजेक्ट अशाच एखाद्या मशीनवर असतं. म्हणून या लेखात रॅमचा दोष पद्धतशीर कसा शोधायचा ते पाहू. स्क्रू ड्रायव्हर, एक सीडी किंवा पेन ड्राइव्ह, कागद-पेन आणि एक रात्र, एवढं सामान पुरे.

आत काय असतं?

डायनॅमिक रॅमच्या एका पेशीत एक ट्रान्झिस्टर आणि एक कॅपॅसिटर असतो. या रचनेचं पेटंट आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली मिळालं. कॅपॅसिटरवर चार्ज आहे की नाही यावरून १ की ० ते ठरतं. पण हा कॅपॅसिटर म्हणजे बुडाला भोक असलेली बादली, चार्ज सतत गळत असतो. म्हणून प्रत्येक पेशी साधारण दर ६४ मिलिसेकंदांत एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. यालाच रिफ्रेश म्हणतात. एखादी पेशी जास्त गळकी निघाली तर पुढच्या रिफ्रेशच्या आतच तिच्यातला बिट हरवतो. तापमान वाढलं की गळतीही वाढते. म्हणून डीडीआर २ आणि डीडीआर ३ च्या चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर वापरायच्या असतील तर रिफ्रेश दुप्पट वेगाने करावा लागतो. सकाळी नीट चालणारं मशीन मे महिन्याच्या दुपारी हँग होतं, त्याचं एक कारण हे असू शकतं.

१ जीबीच्या मॉड्यूलमध्ये अशा सुमारे ८५९ कोटी पेशी असतात. नेहमीच्या मॉड्यूलची रुंदी ६४ बिट. त्यावर ८ चिप असतील तर प्रत्येक चिप ८ बिट सांभाळते. नववी चिप दिसली तर ते चुका दुरुस्त करणारं, म्हणजे ईसीसी मॉड्यूल असण्याची शक्यता जास्त. ते सर्व्हरमध्ये असतं. आपल्या मशीनमध्ये ती सोय नसल्यामुळे बिट फिरला तरी कोणी बोंब मारत नाही. चुकीचा आकडा गुपचूप पुढे जातो.

बदलीसाठी मॉड्यूल आणायचं तर जात ओळखता आली पाहिजे. जुन्या एसडीरॅमला १६८ पिना आणि दोन खाचा, डीडीआरला १८४ पिना आणि एक खाच, डीडीआर २ आणि डीडीआर ३ ला प्रत्येकी २४० पिना, पण खाचेची जागा वेगळी. व्होल्टेजही अनुक्रमे ३.३, २.५, १.८ आणि १.५. खाच जुळत नसेल तर जोर लावायचा नाही, ती खाच त्यासाठीच दिलेली असते.

लक्षणं आणि सोंगं

रॅमच्या दोषाची मुख्य खूण म्हणजे बेभरवशीपणा. निळी स्क्रीन येते, पण दर वेळी वेगळा कोड घेऊन. विंडोज टाकायला घ्यावं तर "फाइल कॉपी करता येत नाही" म्हणून अडतं, आणि पुन्हा प्रयत्न केला की वेगळ्याच फाइलवर अडतं. झिप फाइल उघडताना सीआरसी एरर येते, तीच फाइल मित्राच्या मशीनवर व्यवस्थित उघडते.

लिनक्सवाल्यांसाठी एक छान कसोटी आहे. मोठा प्रोग्रॅम कंपाइल करताना जीसीसी मध्येच "इंटर्नल कंपायलर एरर" किंवा सिग्नल ११ देऊन थांबला तर काहीही न बदलता पुन्हा मेक चालवा. त्याच ओळीवर थांबला तर दोष कोडमध्ये किंवा कंपायलरमध्ये. ती ओळ पार करून भलतीकडेच थांबला तर संशय हार्डवेअरवर घ्या.

दुसरी कसोटी एमडी५सम ची. एकाच फाइलचा चेकसम दोनदा काढा. उत्तरं वेगळी आली तर रॅम, केबल किंवा कंट्रोलर यांपैकी कोणीतरी नक्की खोटं बोलतंय. पण उत्तरं सारखी आली म्हणून लगेच खूश होऊ नका. लहान फाइल पहिल्या वाचनानंतर रॅममध्येच कॅशमध्ये राहते आणि दुसऱ्यांदा तीच प्रत वाचली जाते. चूक झाली असेल तर तीच चूक पुन्हा मिळेल! म्हणून फाइल रॅमपेक्षा मोठी घ्यावी.

काही गोष्टी मात्र दोष नसतात. ४ जीबी रॅम लावली आणि ३२ बिट विंडोज सव्वातीन जीबीच दाखवतंय, तर रॅम गेलेली नाही. वरचे पत्ते इतर डिव्हाइसना दिलेले असतात. ऑनबोर्ड ग्राफिक्सही आपला वाटा रॅममधूनच काढून घेतं.

मशीन मुळीच सुरू होत नसेल तर कान द्या. कॅबिनेटच्या स्पीकरमधून येणाऱ्या बीपचा अर्थ बायोसच्या कंपनीनुसार बदलतो, तो मदरबोर्डच्या पुस्तकात पाहावा. पण एक प्रयोग सगळीकडे चालतो. सगळी रॅम काढा आणि मशीन चालू करा. बीप ऐकू आले तर प्रोसेसर आणि बायोस जिवंत आहेत, रॅम नसल्याची तक्रार ते करत आहेत. स्पीकर जोडलेला असूनही काहीच आवाज नाही, तर आधी पॉवर सप्लाय आणि मदरबोर्डकडे पाहा.

सगळ्यात आधी: लिहिणं बंद करा

ही पायरी सगळे विसरतात आणि खरं नुकसान इथेच होतं. डिस्कवर जाणारी प्रत्येक फाइल रॅममधून जाते. रॅम खराब असेल तर "सेव्ह" केलं की चुकीचा बिट कायमचा डिस्कवर बसतो. "आधी बॅकअप घेऊ" म्हणून त्याच मशीनवर पेन ड्राइव्ह लावला तर बॅकअपही त्याच खराब रॅममधून जाणार. डिस्क दुरुस्त करणारे प्रोग्रॅम अशा वेळी चालवणं म्हणजे दुखण्यापेक्षा औषध भारी. म्हणून संशय आला की मशीन बंद करायचं, हार्ड डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या मशीनला जोडायची आणि तिथून कॉपी घ्यायची.

हात लावण्याआधी

मशीन बंद करून वायर भिंतीतून काढा. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, उरलासुरला चार्ज निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्टॅटिक वीज उतरवा. थंडीच्या कोरड्या हवेत ही काळजी जास्त घ्यायची, स्वेटर घालून तर हे काम नकोच. मॉड्यूल कडांना धरा.

मॉड्यूल काढून पुन्हा नीट बसवणं हाच निम्म्या तक्रारींवरचा उपाय असल्याचा माझा अनुभव आहे. दोन्ही बाजूंच्या क्लिपा "टक्" आवाज करून बसल्या पाहिजेत. सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. घासायच्याच असतील तर मऊ पांढऱ्या खोडरबरने, हलक्या हाताने, आणि चुरा स्लॉटमध्ये न पाडता. शाईचा खरखरीत खोडरबर सोन्याचा पातळ थरच काढून टाकतो. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड बरं. स्लॉटमधली धूळ मऊ ब्रशने काढा.

मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आसपास उभे असलेले कॅपॅसिटरही पाहून घ्या. डोकं फुगलंय किंवा तपकिरी रस बाहेर आलाय, तर रॅमला दोष देण्याआधी बोर्डाचा विचार करा. २००० च्या दशकातल्या बऱ्याच बोर्डांवर सदोष कॅपॅसिटर बसले होते. शेवटी बायोसमध्ये जाऊन सेटिंग डिफॉल्टवर आणा. कोणीतरी गेमसाठी टायमिंग ताणून ठेवलेलं असलं की चांगली रॅमही एरर देते.

टेस्ट नक्की काय करते?

यासाठी मेमटेस्ट ८६ प्लस हा मोफत, मुक्त स्रोत प्रोग्रॅम वापरा. मूळ मेमटेस्ट ८६ क्रिस ब्रेडी यांनी १९९४ साली लिहिला, प्लस ही त्याची २००४ पासूनची शाखा. २०२२ साली आलेली तिची ६ वी आवृत्ती जुन्या बायोसवर आणि नव्या यूईएफआयवरही चालते. हा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय थेट बूट होतो, त्यामुळे जवळजवळ सगळी रॅम तपासता येते. काही जुने बोर्ड पेन ड्राइव्हवरून बूट होत नाहीत, तिथे सीडीच हवी. विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्येही एक मेमरी टेस्ट आहे. प्राथमिक तपासणीला ती ठीक.

आता तुम्ही म्हणाल, टेस्टमध्ये एवढं काय आहे? सगळीकडे ० लिहायचं, वाचायचं, मग १ लिहायचं, वाचायचं, झालं! तेवढ्याने काम होत नाही. समजा हॉस्टेलच्या वॉचमनला ७ नंबर आणि ८ नंबर, दोन्ही विचारलं तरी तो ७ नंबरचीच खोली उघडून देतो. सगळ्या खोल्यांत एकसारखीच वस्तू ठेवली तर त्याची ही चूक कधीच पकडली जाणार नाही. प्रत्येक खोलीत तिचा स्वतःचा नंबर लिहून ठेवला तर लगेच पकडली जाईल. अ‍ॅड्रेस टेस्ट हेच करते.

दुसरा दोष शेजाऱ्यांचा. एका खोलीचं दार आपटलं की शेजारच्या खोलीची कडी निघते, तसं एका पेशीत लिहिलं की दुसरीतला बिट फिरतो. प्रत्येक जोडी वेगळी तपासायची म्हटलं तर १ जीबीसाठी ८५९ कोटींचा वर्ग एवढ्या क्रिया लागतील. सेकंदाला १०० कोटी क्रिया धरल्या तरी दोन हजार वर्षांहून जास्त वेळ! म्हणून मार्च टेस्ट वापरतात. त्यातली मार्च सी मायनस अशी:

१. सगळीकडे ० लिहा.
२. खालून वर जा, प्रत्येक पेशीत ० वाचा, १ लिहा.
३. खालून वर जा, १ वाचा, ० लिहा.
४. वरून खाली या, ० वाचा, १ लिहा.
५. वरून खाली या, १ वाचा, ० लिहा.
६. सगळीकडे ० वाचा.

मोजा, प्रत्येक पेशीवर १० क्रिया होतात. त्याच वेगाने हे काम दीड मिनिटाच्या आत संपतं. त्रास देणारी पेशी वर असो की खाली, दोन्ही दिशांनी गेल्यामुळे तिचा बळी पकडला जातो. मेमटेस्टमधल्या "मूव्हिंग इन्व्हर्जन" टेस्ट याच कल्पनेवर आहेत. बिट फेड टेस्ट पॅटर्न लिहून काही मिनिटं थांबते आणि मग वाचते, म्हणजे गळक्या पेशी सापडतात.

किती वेळ चालवायची?

एकही एरर चालणार नाही. शंभरपैकी पस्तीस मिळाले की पास, हा नियम इथे लागू नाही. उलट एक पास स्वच्छ गेला म्हणजे रॅम चांगली, असंही नाही. समजा दोष अधूनमधून दिसणारा आहे आणि एका पासमध्ये तो सापडण्याची शक्यता २५ टक्के आहे. मग एक पास स्वच्छ जाण्याची शक्यता ७५ टक्के. असे ८ पास सलग स्वच्छ जाण्याची शक्यता ०.७५ चा आठवा घात, म्हणजे १० टक्के. म्हणून रात्री टेस्ट लावायची आणि सकाळी पाहायची. वॉर्डनना आधी सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी चालू मशीन पाहून बटण बंद करतं.

"एखादी एरर कॉस्मिक किरणांमुळेही येते" असं काही जण सांगतात. बिट बाहेरच्या कणांनी फिरतात हे खरं आहे. चिपच्या सिरॅमिक आवरणातल्या अल्फा कणांमुळे बिट फिरतात हे इंटेलच्या मे आणि वुड्स यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं. पण गुगलच्या सर्व्हरवर झालेल्या २००९ सालच्या अभ्यासात वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त मॉड्यूलमध्ये चुका दिसल्या, आणि त्यांत किरणांच्या यदृच्छ चुकांपेक्षा हार्डवेअरच्या कायमच्या दोषांचा वाटा मोठा असल्याचं दिसलं. म्हणून एरर आली की आभाळाकडे बोट न दाखवता मॉड्यूल तपासा.

एररची भाषा

समजा लिहिलं होतं ११११११११ आणि वाचलं १११०११११. दोन्हींचं एक्सऑर काढलं की ०००१०००० मिळतं, म्हणजे उजवीकडून शून्यापासून मोजल्यास चौथा बिट. अशा दहा-वीस एरर कागदावर उतरवा आणि नक्षी पाहा.

थोड्याच पत्त्यांवर, तोच बिट: काही पेशी किंवा एखादी ओळ खराब.
पत्ते सगळीकडचे, पण बिट नेहमी तोच: त्या बिटाची लाइन, पिन किंवा ती चिप.
सगळे पत्ते, सगळे बिट: सेटिंग, व्होल्टेज, पॉवर सप्लाय.

एक सावधगिरी. ड्युअल चॅनलमध्ये पत्ते दोन मॉड्यूलमध्ये आळीपाळीने वाटलेले असतात. तेव्हा "पत्ता निम्म्याच्या वर आहे, म्हणजे दुसरं मॉड्यूल" असा हिशेब करू नका.

अदलाबदल: एका वेळी एकच गोष्ट

मागच्या सत्रात आमच्या कॉमन रूमच्या मशीनवर हेच केलं. डीडीआर २ ची १ जीबीची दोन मॉड्यूल, दोन स्लॉट. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला आमचा एक मित्र त्यावर प्रोजेक्टचं सिम्युलेशन करायचा. तोच इनपुट देऊन वेगळी उत्तरं येऊ लागली, मग झिप उघडेनाशा झाल्या. त्याने दोनदा फॉरमॅट मारून पाहिला. दुकानदाराने "दोन्ही रॅम गेल्या" म्हणून सांगितलं. सबमिशन तीन आठवड्यांवर आलेलं.

दोन्ही मॉड्यूल लावून टेस्ट लावली तर एरर सगळ्या पत्त्यांवर, पण बिट नेहमी एकच. मग मॉड्यूलवर पेन्सिलने क आणि ख लिहिलं आणि चार प्रयोग केले, प्रत्येक वेळी एकच मॉड्यूल, एकच स्लॉट:

क, स्लॉट १: ८ पास, एरर नाही.
ख, स्लॉट १: ८ पास, एरर नाही.
क, स्लॉट २: पहिल्याच पासमध्ये एरर, तोच बिट.
ख, स्लॉट २: एकदा बूट झालंच नाही, दुसऱ्यांदा एरर, पुन्हा तोच बिट.

आता सांगा, दोषी कोण? एरर मॉड्यूलबरोबर फिरली नाही, स्लॉटबरोबर राहिली. म्हणजे दोन्ही रॅम निर्दोष! टॉर्च मारून पाहिलं तर दुसऱ्या स्लॉटमधली एक पिन आत दबलेली दिसली. दोन नवी मॉड्यूल आणली असती तरी एरर तीच राहिली असती.

दुसऱ्या स्लॉटवर चिकटपट्टी लावून टाकली आणि पहिल्यात १ जीबीवर मशीन चालवलं. हळू चाललं, पण उत्तर दर वेळी तेच आलं. मित्राचे आधीचे रन मात्र कोणते खरे, कोणते खोटे हे कळायला मार्ग नव्हता. त्याने ते सगळे टाकून दिले आणि पुन्हा चालवले. गाइड सरांनी कारण विचारल्यावर त्याने चार प्रयोगांचा कागदच पुढे ठेवला. सरांनी तो रिपोर्टमध्ये जोडायला सांगितला.

याच तक्त्यात एरर क बरोबर फिरली असती तर क खराब. चारही प्रयोगांत आली असती तर बोर्ड, पॉवर सप्लाय किंवा प्रोसेसर. चारही स्वच्छ आणि दोन्ही एकत्र लावली की एरर, तर मॉड्यूल एकमेकांशी जुळत नाहीत किंवा टायमिंग-व्होल्टेज अपुरं पडतंय. निर्णय पक्का करायचा तर संशयित मॉड्यूल दुसऱ्या, खात्रीच्या मशीनमध्ये लावून पाहा.

सापडल्यावर

खराब मॉड्यूलला दुरुस्ती नाही, बदलणं हाच मार्ग. पैसे नसतील आणि दोष थोड्याच पत्त्यांपुरता असेल, तर लिनक्समध्ये मेममॅप हा कर्नल पॅरामीटर किंवा ग्रबची बॅडरॅमची सोय वापरून तेवढा भाग बंद ठेवता येतो. पण ही तात्पुरती मलमपट्टी समजा. दोष पसरू शकतो, म्हणून दर महिन्याला टेस्ट लावा आणि महत्त्वाचं काम तिथे करू नका.

टेस्ट स्वच्छ गेली आणि मशीन तरीही हँग होतंय, तर प्रोसेसरचा पंखा, पॉवर सप्लाय आणि हार्ड डिस्क याच क्रमाने पाहा. टेस्टमध्ये एरर आली तर काहीतरी बिघडलंय हे सिद्ध होतं, न आली तर सगळं ठीक आहे हे सिद्ध होत नाही. व्हायवाला विचारलं तर एवढं वाक्य लक्षात ठेवा.

आणि एक विनंती. कॅबिनेटच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवा. कोणतं मॉड्यूल, कोणता स्लॉट, कोणत्या तारखेला किती पास, काय निघालं. तुम्ही पास होऊन जाल, मशीन हॉस्टेललाच राहील, आणि पुढच्या वर्षी ज्याचं प्रोजेक्ट त्यावर असेल त्याची एक रात्र वाचेल.